भोंगाबाईंची खिडकी

दवाखान्यात केसपेपर काढून देणाऱ्या बाईंना सगळं गाव पाठीमागे भोंगाबाई म्हणायचं. तोंडावर मात्र 'ताई'. तोंडावर भोंगाबाई म्हणायची कोणाची छातीच नव्हती. बाईंना हे नाव पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता. का नसावा? एकतीस वर्षं त्या खिडकीत बसून त्यांनी आजूबाजूच्या साऱ्या गावांची दुखणी मोठ्यानं वाचून दाखवली होती.

हा आवाज काही जन्मजात नव्हता हं. खापर फोडायचंच असेल तर जुन्या कंपाउंडरकाकांवर फोडा. काकांचे कान अर्धे गेलेले, आणि बसायचे भिंतीपलीकडे औषधांच्या खोलीत. बाई नव्यानं नोकरीला लागल्या तेव्हा काकांनीच त्यांना शिकवलं होतं, "नाव, वय, तक्रार. खणखणीत बोलायचं. तू ओरडलीस की मी बाटली काढून ठेवतो. माणूस डॉक्टरांकडून बाहेर येईस्तोवर औषध तयार." आणि खरंच, तासाचं काम अर्ध्या तासात व्हायचं. आता काका रिटायर होऊन आठ वर्षं झाली. त्यांच्या जागी आलेली मुलगी इतक्या तिखट कानाची की पलीकडच्या खोलीत गोळी पडली तरी तिला कळावं. पण बाईंचा आवाज काही खाली आला नाही. "खोकला, चार दिवस!" "पोट बिघडलंय, कालपासून!" "मूळव्याध!" मूळव्याधवाला लाजेनं चूर व्हायचा, रांगेतले खुदुखुदु हसायचे आणि रांग पुढं सरकायची. कोणाचं काही अडत नव्हतं.

मग गुरुवारचा दवाखाना सुरू झाला.

म्हणजे मनाच्या आजारांचा आणि व्यसन सोडवायचा. आधी त्यासाठी दोन बस बदलून शहरात जावं लागायचं. जायला चार तास, यायला चार तास, आणि तिथं पोचल्यावर कळायचं की आजचे नंबर संपले. एवढं करून कोण जाणार? आता दर गुरुवारी शहरातून एक डॉक्टरीणबाई येणार होत्या. त्यांच्याबरोबर एक समुपदेशक आठवडाभर इथंच राहणार होते, डोक्यावर टक्कल पडलेले, शांत, पन्नाशीचे गृहस्थ. ते इंजेक्शन देत नाहीत, गोळी देत नाहीत, फक्त बोलतात, हे कळल्यावर गावानं त्यांचं नाव 'बोलके डॉक्टर' ठेवून टाकलं. दोघांना मागची खोली मिळाली, दोन दारं ओलांडून, सामानाच्या खोलीच्या पलीकडे.

"सहा महिने बघायचं असं ठरलंय," डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. "लोक आले तर दिवस वाढवू, शेजारच्या दोन गावांतही बसू. नाही आले तर ही गाडी दुसरीकडे जाईल."

हे ऐकून सगळ्यांत जास्त कोण हललं असेल तर आमच्या भोंगाबाई. कारण त्यांचा धाकटा भाऊ. त्याला त्या अजूनही 'धाकट्या' म्हणूनच हाक मारायच्या, जरी तो चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या झाला होता. धाकटा विजेच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचा. तांब्याची तार, एका कॉइलला मोजून वेढे, एक वेढा इकडचा तिकडे नाही. एके काळी लांबून लांबून लोक त्याच्याकडे मोटारी आणून टाकायचे. मग दारू आली, आणि नऊ वर्षांत त्या हातांची पार दशा झाली. सकाळी पेला पोटात गेल्याशिवाय हाताचा थरकाप थांबेना, आणि पेला गेला की वेढ्यांची मोजणी चुकायची. दोन वर्षांपूर्वी भाऊबहिणीचं कडाक्याचं भांडण झालं तेव्हा त्यानं तडकाफडकी सोडली होती. दुसऱ्याच दिवशी काम करता करता फिट येऊन पडला. जीव वाचला तो केवळ त्याच्या बायकोनं वेळेवर पाहिलं म्हणून. तेव्हापासून बाईंची दोन्हीकडून कोंडी. पिऊ दे म्हणावं तर रोज मरतोय, सोड म्हणावं तर एकदम मरेल.

म्हणून गुरुवारच्या दवाखान्याची पत्रकं बाईंनी घरोघर स्वतः जाऊन वाटली. कोणी दार लावून घेतलं तर खिडकीतून आत टाकली.

पहिल्या गुरुवारी नऊ माणसं आली. बाईंनी उत्साहानं कामाला सुरुवात केली. "वय छत्तीस! झोप नाही, सारखं रडू येतं!" "वय एकोणीस! घराबाहेर पडायची भीती!" "वय बावन्न! दारू!" नेहमीच्या ताप-खोकल्याच्या रांगेतली तीस डोकी एकदम वळली. बाईंचं लक्ष कागदावर होतं. दुसऱ्या गुरुवारी चार माणसं आली. तिसऱ्या गुरुवारी एक आला, आणि तोही कुत्रा चावला म्हणून चुकीच्या रांगेत उभा राहिलेला निघाला.

बाईंचा संताप संताप झाला. "दारात आणून ठेवलंय तरी यांना नको! यांना काय पालखी पाठवायची का?" मागच्या खोलीत डॉक्टरीणबाई घड्याळ बघत बसायच्या आणि बोलके डॉक्टर कोणाशी बोलायचं म्हणून भिंतीशी बोलायच्या बेतात आले होते. दोन दारांपलीकडे त्यांना पुढचं काही ऐकू जात नव्हतं. नाहीतर रोग तेव्हाच सापडला असता.

धाकट्याला बाईंनी चार आठवडे समजावलं. रागावून झालं, रडून झालं, जेवण सोडण्याची धमकी देऊन झाली. शेवटी तो म्हणाला, "येतो बाई, एकदाचा येतो. पण गुपचूप. कोणाला कळता कामा नये." बाईंनी लगेच मान डोलावली. कोणाला कळणार आहे? दवाखानाच तर आहे!

पाचव्या गुरुवारी तो खरंच आला. धुतलेला शर्ट, दाढी केलेली, हनुवटीवर थरथरत्या हातानं झालेल्या दोन जखमा. बाईंनी रांगेत त्याला पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. पण लगेच त्यांनी स्वतःला बजावलं, घरचा माणूस म्हणून वशिला नको. लोक नावं ठेवतील. सगळ्यांना जसं, तसंच याला. म्हणून त्याचा नंबर आला तेव्हा त्यांनी मान वर न करता, नेहमीपेक्षा थोडं जास्तच खणखणीत त्याचं नाव-आडनाव उच्चारलं आणि पुढं म्हणाल्या, "वय चव्वेचाळीस! तक्रार, दारू! किती वर्षं?"

शेजारच्या ताप-खोकल्याच्या रांगेत पिठाच्या गिरणीवाला उभा होता. तो म्हणाला, "अस्सं! म्हणून माझी मोटार तीन महिने याच्याकडे पडून आहे होय!" दोघंतिघं हसले.

धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. "नऊ," एवढंच बोलला, आणि बाजूला झाला. बाईंना वाटलं बाकावर जाऊन बसला असेल. त्यांनी पुढच्याचा ताप लिहून घेतला.

चार वाजता बोलके डॉक्टर बाहेर आले. "ताई, तुमचा भाऊ येणार होता ना आज?"

"आला होता की! आत नाही आला?"

"नाही. काय झालं नेमकं? तुम्ही काय बोललात त्याच्याशी?"

"काय बोलणार? नेहमीसारखंच." आणि बाईंनी म्हणून दाखवलं. जसं म्हटलं होतं तसंच, त्याच आवाजात. तेव्हा व्हरांड्यात कोणी नव्हतं. रिकाम्या बाकांवरून, फरशीवरून, बंद पडलेल्या पंख्यावरून तो आवाज परत आला. 'तक्रार, दारू! किती वर्षं?' एकतीस वर्षांत बाईंनी स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला. बोलक्या डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"अगं आई गं," बाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. पहिल्या गुरुवारचे नऊ चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेले. ती छत्तीस वर्षांची रडणारी बाई पुढं कुठल्याच गुरुवारी का आली नाही, ते त्यांना आता कळलं. आपल्या हातानं सगळं मातीत घातलं होतं, तेही पत्रकं वाटून.

संध्याकाळी त्या भावाकडे गेल्या. त्यानं दार उघडलं नाही. शुक्रवारीही नाही.

शनिवारी सकाळी भावजय धावत दवाखान्यात आली. "ताई, त्यांनी परवापासून थेंब घेतला नाही. म्हणतात, मला कोणाच्या दवाखान्याची गरज नाही, मी माझा सोडतो. रात्रभर घाम घाम होतोय. हातच काय, सगळं अंग लटपटतंय. भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणतात. एक मुंगी नाही हो भिंतीवर! आणि आता दुकानाचं शटर आतून लावून बसलेत."

बोलक्या डॉक्टरांनी तिथल्या तिथं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून स्पष्ट उत्तर आलं. आधी फिट येऊन गेलेली आहे, तेव्हा घरी ठेवायचं नाही, एक तासही नाही. दवाखान्यात दोन खाटा आहेत ना? तिथं आणा, सिस्टरना औषध सुरू करायला सांगते, मी निघालेच. कोणी निघालेच म्हणतं तेव्हा अजून आंघोळ बाकी असते, पण या बाई खरंच निघाल्या होत्या. फोनमध्येच गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

बाई आणि बोलके डॉक्टर स्कूटरवरून दुकानाशी पोचले. शटर बंद. आत काहीतरी खडखडत होतं.

"धाकट्या," बाईंनी हाक मारली. इतक्या हळू की शेजारच्या बोलक्या डॉक्टरांनाही ती नीट ऐकू आली नाही.

"कोण आहे?" आतून आवाज आला, घोगरा, घाबरलेला.

बाई शटरसमोर फरशीवर बसल्या. मग आडव्याच झाल्या, आणि शटर आणि उंबऱ्यातल्या बोटभर फटीला त्यांनी तोंड लावलं. साठीला टेकलेली, जाडजूड बाई, भर सकाळी रस्त्यावर पालथी पडलेली. जाणारे येणारे बघत होते. बघू देत मेले.

"मी आहे रे. चुकले मी. त्या दिवशी साऱ्या गावासमोर तुझी लाज काढली. मला कळलंच नाही. एकतीस वर्षं कळलं नाही. तू मला काय वाटेल ते बोल, पण आधी बाहेर ये. असं एकदम सोडलंस की फिट येते, तुला माहीत आहे. तू मेलास तर मी कोणावर ओरडू?"

मग अगदी जवळून, फटीच्या पलीकडून तो बोलला. तोही आडवा झाला असावा. "ताई, मुंग्या आहेत गं इथं. सगळीकडे."

"असतील. आपण त्यांना इथंच ठेवून जाऊ. चल."

"दवाखान्यात नाही येणार. शनिवारी अंगण भरलेलं असतं. सगळे बघतील. तू परत ओरडशील."

तेही खरंच होतं. शनिवारी बाजाराला आलेली माणसं येता-जाता दवाखाना उरकून घ्यायची. पुढच्या अंगणात पन्नासएक तरी असणार, आणि मागच्या दाराकडे पाण्याच्या टाकीच्या सावलीत आणखी पंधरा-वीस. बाई उठल्या, गुडघे झटकले.

"एक माणूस तुला बघणार नाही," त्या म्हणाल्या. "एकसुद्धा नाही. माझ्यावर सोड. डॉक्टर, तुम्ही याला रिक्षातून मागच्या दाराला आणा. मी हाक दिली की आत शिरा."

"कसली हाक?" बोलक्या डॉक्टरांनी विचारलं.

"ती कळेल तुम्हाला," बाई म्हणाल्या.

शटर वर गेलं. धाकट्याची अवस्था बघून बाईंना रडूच आलं असतं, पण ती रडायची वेळ नव्हती. त्या तरातरा दवाखान्यात आल्या, खिडकीत न बसता पुढच्या अंगणातल्या बाकावर चढल्या, पोटभर श्वास घेतला आणि अशी काही हाळी दिली की झाडावरचे पक्षी उडाले.

"ऐका हो ऐका! मागचे, पुढचे, टाकीखालचे, सगळे! आजपासून जुने केसपेपर बाद! बाद म्हणजे बाद! नवीन पेपर पुढच्या खिडकीत, आत्ताच्या आत्ता! ज्याला मिळाला नाही त्याला आज औषध नाही! मग मला म्हणू नका ताईंनी सांगितलं नाही!"

झालं! अशी झुंबड उडाली म्हणता! टाकीखालचे म्हातारे, ज्यांना एरवी उठून बसायला दोघांचा हात लागायचा, ते काठ्या सावरत धावले. मागच्या दाराशी एक चिटपाखरू उरलं नाही. रिक्षा शांतपणे आली, दोघं उतरले आणि आत गेले. सिस्टर वाटच बघत होत्या.

आणि बाई? बाई खिडकीत जाऊन बसल्या तर समोर सत्तर माणसं, हात पुढं करून. थाप मारली होती, आता ती निस्तरणं भाग होतं. कोऱ्या केसपेपरचा गठ्ठा त्यांनी पुढ्यात ओढला. नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि 'तक्रार' या रकान्याशी त्यांचा पेन थांबला. खिडकीसमोरची म्हातारी सवयीनं सांगायला लागली, "मला की नाही, लघवीला..."

"मला नका सांगू, आजी," बाई म्हणाल्या. आवाज खाली होता. सारी ताकद अंगणात खर्च झाली होती. "हा रकाना डॉक्टर भरतील. आत सांगा. दार लावून सांगा."

म्हातारी बघतच राहिली. "तुमची तब्येत बरी आहे ना, ताई?" तिनं विचारलं.

सत्तर पेपर लिहून झाले. सत्तरही रकाने कोरे. बाईंच्या बोटांना पेटके आले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, तो असा थापेतून: यापुढं हा रकाना खिडकीत भरायचाच नाही.

धाकटा सहा दिवस त्या खाटेवर होता. खोलीत आधी जुन्या खोक्यांचा ढीग होता, तो बाईंनी स्वतः बाहेर काढला. पहिले दोन दिवस वाईट गेले. तो मुंग्या झटकत राहिला, कोण कोण दिसत राहिलं, सिस्टर औषधं देत राहिल्या, डॉक्टरीणबाई शनिवार-रविवार तिथंच खुर्चीवर बसून राहिल्या. फिट आली नाही. बाई दारातून डोकावायच्या आणि परत फिरायच्या. भावासमोर जायला त्यांना तोंड नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्या अशाच डोकावल्या तर धाकटा उशीला टेकून बसला होता आणि छताकडे एकटक बघत होता. आता काय दिसतंय याला?

"ताई," तो म्हणाला, "हा पंखा कोणी भरलाय?"

"अं?"

"ऐक नीट. कुंई कुंई करतोय. बेअरिंग तर गेलंच आहे, पण भरणाऱ्यानं वेढे कमी घातलेत. कुठल्या गाढवाचं काम आहे हे?"

भोंगाबाईंचा जीव एकदाचा भांड्यात पडला. पंख्याला शिव्या घालतोय म्हणजे आला बाई माणूस ठिकाणावर! त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कोणीतरी पाठीवरचं पोतं उतरवून घेतल्यासारखं त्यांना हलकं हलकं वाटत होतं. त्यांनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं फिरवू दिला. माफी-बिफी पुन्हा कोणी काढली नाही. त्यानं विचारलं, "खायला काय आहे?" आणि त्यात सगळं आलं.

पुढच्या गुरुवारी ताप, खोकला, मोडलेलं हाड, मोडलेलं मन, सगळे एकाच रांगेत, एकाच रंगाचा पेपर घेऊन, एकाच दारातून आत जाऊ लागले. खिडकीत एक बाई चक्क हळू बोलते ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. काही जण नुसते तेवढंच बघायला आले. पहिल्या आठवड्यात तीन, मग सात, मग बारा. ती छत्तीस वर्षांची बाई परत आली. बाईंनी तिला पेपर देताना म्हटलं, "बरं झालं आलात." बस्स, एवढंच. पण त्या रात्री बाईंना छान झोप लागली.

धाकट्याचं सगळं सरळ झालं असं मात्र समजू नका. सोडल्यापासून बाराव्या आठवड्यात एका संध्याकाळी तो घसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्वतःच, कोणी न सांगता, मागच्या दारानं बोलक्या डॉक्टरांपुढं जाऊन बसला. "मोजणी चुकली," म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "मग मोटारीचं काय करता अशा वेळी?" तो म्हणाला, "तार उलगडतो, पहिल्यापासून घालतो." या खेपेला बोलायचं काम धाकट्यानंच केलं होतं.

सहा महिने पुरे व्हायला आले तेव्हा शहरातून पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून सोमवारीही दवाखाना, शेजारच्या दोन्ही गावांत आठवड्यातून एकेक दिवस, आणि तिथल्या केसपेपरवाल्यांना हळू बोलायला शिकवायला कोणाला पाठवायचं? तर भोंगाबाईंना! हे वाचून डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्याच गुरुवारी धाकटा व्हरांड्यातला पंखा घेऊन आला. हो, तोच, कित्येक दिवस बंद पडलेला. त्यानं तो घरी नेऊन नव्यानं भरला होता. एवढ्या दिवसांत तो दर आठवड्याला येत होता, पण मागच्या दारानंच. आज पहिल्यांदा पुढून आला. व्हरांडा गच्च भरलेला. त्यानं स्टूल मांडलं, वर चढला, पंखा हुकात अडकवला, तारा जोडल्या. खाली रांगेतले बघत होते. त्याचे हात मुळीच थरथरत नव्हते, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. बटण दाबलं. पंखा फिरला, कुंई नाही की कांई नाही. दोघातिघांनी "वा!" केलं.

रांगेच्या अगदी शेवटी, फाटकाशी, गिरणीवाला उभा होता. गेले तीन गुरुवार तो असाच यायचा, सायकल धरून घुटमळायचा आणि निघून जायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, मोटारीची चौकशी करायला आलो होतो. मोटार त्याला दुरुस्त होऊन मिळाल्याला महिना झाला होता! त्याचे डोळे तांबारलेले होते आणि तो आताही पाय काढता घ्यायच्या बेतात होता.

धाकट्यानं स्टुलावरून त्याला पाहिलं. मग उतरला, हात पुसले आणि सरळ येऊन रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला. बाईंनी नेहमीसारखा त्याचा पेपर काढला आणि हळूच म्हणाल्या, "बस, धाकट्या. आत बोलावतील."

"तसं नाही, ताई," तो म्हणाला. "पहिल्यासारखं. मोठ्यानं."

"काय?"

"नाव, वय, तक्रार. खणखणीत."

बाईंनी तोंड उघडलं. ज्या आवाजानं सत्तर माणसं पळवली होती, तो आज बाहेरच पडेना. त्यांनी नुसती मान हलवली. नाही रे. मला नाही जमणार.

"बरं, मग मीच सांगतो," धाकटा म्हणाला, आणि खिडकीकडे पाठ करून साऱ्या व्हरांड्याकडे वळला. तोही शेवटी त्याच बहिणीचा भाऊ. आवाज थेट फाटकापर्यंत गेला. "वय चव्वेचाळीस! तक्रार, दारू! नऊ वर्षं! एकसष्ट दिवस बंद! त्याआधी एकदा घसरलो होतो, ताई, तेही लिही!"

कोणी हसलं नाही. बाईंनी डोळे पुसत पुसत ते सगळं लिहिलं, रकाना डॉक्टरांचा असूनही लिहिलं, एकसष्टचा आकडा जरा मोठाच काढला.

धाकटा बाकावर जाऊन बसला आणि त्यानं शेजारची जागा हातानं झटकून मोकळी केली.

फाटकाशी सायकल स्टँडवर लागल्याचा आवाज झाला. गिरणीवाला हळूहळू रांगेत आला, वेळ लागला, पण शेवटी खिडकीशी पोचला. मान खाली. ओठ हलले.

"ताई, माझं पण तेच... म्हणजे मला..."

"मला नको, भाऊ," बाई त्याला एकट्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. "ते आत सांगा. तोवर तिथं बसा, पंख्याखाली. जागा आहे."

आणि त्यांनी कोरा केसपेपर खिडकीतून पुढं सरकवला.